‘रत्नागिरीला धाडा’ : हसायचं आजारावर की माणसावर?

जामसंडे : एसटीत किंवा चहाच्या टपरीवर कोणी जरा वेगळं बोललं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ह्याका रत्नागिरीक धाडा रे!" सगळे हसतात. कारण रत्नागिरीत सरकारी मनोरुग्णालय आहे. ठाण्याकडचे लोक ठाण्याचं नाव घेतात, पुण्याकडचे येरवड्याचं. विनोद तोच. पण त्याच एसटीत मागच्या सीटवर एखादी आई मुलाच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असू शकते. ती हसत नाही. घरच्या आजाराबद्दल ती पुढे कोणाला सांगतही नाही. उपचार लांबतात ते इथूनच.

मग मानसिक आजारावर विनोद करूच नये का? करावा. फक्त कोण कोणावर हसतंय, ते बघावं. आपला मालवणी माणूस स्वतःवर हसण्यात पटाईत आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ गाजलं ते त्यामुळेच. गावची मंडळी नाटक बसवतात आणि त्यांची जी तारांबळ उडते, तीच सगळी मजा. आजाराचंही तसंच. बाहेरच्याने मारलेला टोमणा लागतो, पण ज्याच्यावर बेतलंय त्याने स्वतः सांगितलेली गंमत ऐकणाऱ्याला जवळ आणते.

मराठी वाचकांच्या जवळचं उदाहरण म्हणजे जेरी पिंटो यांची २०१२ साली आलेली कादंबरी. मूळ इंग्रजी, पण शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. माहीममधलं छोटं घर, मूळचं गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब, आणि आईला मनाचा आजार. कधी ती उधाणासारखी बोलत सुटते, तर कधी जीव नकोसा होतो. पण ही आई विनोदी आहे, बिडी ओढते, पोरांची फिरकी घेते. वाचणारा हसतो आणि त्याच पानावर गप्प होतो. आजारी माणूस म्हणजे फक्त आजार नव्हे, हे तिथे कळतं.

चित्रांचं काम याच्या एक पाऊल पुढे जातं. अमेरिकेतल्या एलन फोर्नी यांना तिशीच्या उंबरठ्यावर बायपोलर आजाराचं निदान झालं. कधी प्रचंड उत्साह, कधी खोल निराशा, असा हा आजार. गोळ्यांनी आपली चित्रकला जाईल, ही त्यांची भीती होती. योग्य औषध सापडायलाही वेळ गेला. ही सगळी ओढाताण त्यांनी ‘मार्बल्स’ या चित्रपुस्तकात हसत-खेळत मांडली. म्हणजे चित्रकला काही गेली नाही!

अॅली ब्रॉश यांची चित्रं तर लहान पोरानं काढल्यासारखी. नळीसारखं अंग, डोक्यावर पिवळा त्रिकोण. नैराश्य सांगताना त्या माशांचं उदाहरण घेतात. मासे मेलेत असं बाई सांगतेय, आणि लोक आपले उपाय सुचवतायत. मासे मेलेत, हे कोणी ऐकूनच घेत नाही! किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. "जरा फिरून ये, बरं वाटेल" असं आपणही म्हणतोच की.

चित्र उपयोगी पडतं त्याचं कारण साधं आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, मन आजारी असेल तर काहीच दिसत नाही. ऐन आंब्याच्या हंगामात घरातला माणूस उठत नसेल, तर त्याला आळशी म्हणतात, किंवा ‘बाहेरचा’ लागला म्हणून धावपळ सुरू होते. त्याच माणसाने कागदावर खाट काढली आणि अंगावर चादरीच्या जागी जांभ्याचे चिरे रचले, तर घरच्यांना एका नजरेत कळेल. उद्या नुसतं विचारता येईल, "आज किती चिरे?" तो "तीन" म्हणाला तर काल पाच होते, हे दोघांनाही ठाऊक असेल. यासाठी चित्रकार असण्याची गरज नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चित्र आजारी माणसाने काढावं किंवा त्याच्या मर्जीने काढलं जावं. त्याला न विचारता ते व्हॉट्सअॅपवर टाकलं, तर तो पुन्हा टोमणाच झाला. आणि चित्र किंवा विनोद म्हणजे औषध नव्हे. कौल घ्यायचा तो घ्यावा, पण डॉक्टरांकडे जाणं टाळू नये आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटं सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

एसटीत पुढच्या वेळी कोणी रत्नागिरीचं नाव काढलं, तर हसण्याआधी एकदा मागच्या सीटकडे बघावं.