समुद्रतळालगतच्या खळबळीचे मोजमाप: काही गैरसमज

समुद्रतळालगतच्या पाण्याचा वेग ध्वनीने मोजतात असे म्हटले की, ध्वनी पाण्यावर आपटून परत येत असावा असा समज होतो. वस्तुतः पाणी स्वतः प्रतिध्वनी जवळपास देतच नाही. तो येतो पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या कणांकडून, सूक्ष्म प्लवकांकडून आणि बारीक बुडबुड्यांकडून. म्हणूनच अगदी नितळ पाण्यात ही उपकरणे आंधळी होतात, आणि प्रयोगशाळेत पाण्यात काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिसळावे लागतात. बारीक गाळ पाण्याच्याच चालीने चालतो, मात्र जाड वाळू खाली बसू पाहते, त्यामुळे तिच्यावरून काढलेल्या उभ्या वेगात तिच्या बुडण्याचा वेगही मिसळलेला असतो.

तळाजवळच्या कामासाठी मुख्यतः ध्वनी-डॉप्लर वेगमापक वापरतात. त्याच्या मध्यभागी ध्वनी सोडणारा एक भाग आणि त्याभोवती आत झुकलेले तीन किंवा चार ग्राहक असतात, आणि या सर्वांचे झोत टोकापासून ५ ते १५ सेंटिमीटर अंतरावर जिथे एकमेकांना छेदतात, त्या साधारण शेंगदाण्याएवढ्या जागेतलाच वेग मोजला जातो. हे उपकरण वेग थेट मोजते, हा दुसरा गैरसमज. ते पाठोपाठ सोडलेल्या दोन स्पंदांच्या प्रतिध्वनींमधील कलांतर, म्हणजे तरंगांच्या चक्रातील स्थितीचा फरक, मोजते आणि त्यावरून वेग काढते. कला ही घड्याळाच्या काट्यासारखी असल्याने, वेग ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की काटा एक फेरा ओलांडतो आणि आकडा एकदम उलट्या दिशेचा दिसू लागतो. अशी खोटी टोके ओळखण्याची गोरिंग आणि निकोरा यांची २००२ मधील पद्धत आज सर्रास वापरली जाते. पण मोठा दिसणारा प्रत्येक आकडा खोटा मानून पुसून टाकणे हीसुद्धा चूकच, कारण तळाकडून अचानक उसळणारे पाण्याचे खरे लोटही तसेच दिसतात आणि संवेगाच्या देवाणघेवाणीतला मोठा वाटा त्यांचाच असतो.

उपकरण तळाच्या जितके जवळ तितके मोजमाप अचूक, हेही खरे नाही. पहिल्या स्पंदाचा तळावरून येणारा जोरकस प्रतिध्वनी दुसऱ्या स्पंदाच्या क्षीण प्रतिध्वनीच्या वेळीच पोहोचला, तर मोजणी बिघडते. दोन स्पंदांमध्ये सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचे अंतर असेल, तर ध्वनीचा पाण्यातील सुमारे १,५०० मीटर प्रतिसेकंद हा वेग धरून ही अडचण तळापासून साधारण साडेसात सेंटिमीटरवर उद्भवते. सपाट वाळूवर स्पंदांमधील अंतर बदलून ती टाळता येते. पण दगडगोट्यांवर किंवा प्रवाळांवर प्रतिध्वनी वेगवेगळ्या उंचींवरून विस्कटून येत असल्याने अडचणीचा पट्टा रुंदावतो. वरून खाली पाहणाऱ्या, अनेक थरांचे वेग मोजणाऱ्या उपकरणांचीही वेगळी गत नाही: झोत उभ्या रेषेशी २० अंशांनी कलते असतील, तर बाजूला निसटलेल्या ध्वनीमुळे तळालगतचे सुमारे ६ टक्के अंतर, म्हणजे १० मीटरमागे ६० सेंटिमीटर, निरुपयोगी ठरते.

लाटांचा उपद्रव याहून छुपा असतो. उपकरण केवळ एका अंशाने कलले तरी सेकंदाला ५० सेंटिमीटर मागेपुढे होणाऱ्या लाटेच्या वेगातून जवळपास एक सेंटिमीटर उभा वेग म्हणून नोंदला जातो, आणि तळालगतच्या खळबळीचा खरा उभा वेगही बहुधा त्याच घरातला असतो. दर सेकंदाला अधिक नोंदी घेतल्याने हा दोष जात नाही, तसाच उपकरणाचा अंगभूत गोंगाटही प्रत्येक नोंदीतून जात नाही. गोंगाट वेगाच्या चढउताराचे मोजमाप नेहमी फुगवतो. मात्र आडव्या आणि उभ्या चढउतारांच्या गुणाकाराच्या सरासरीवर, म्हणजे रेनल्ड्झ प्रतिबलावर, त्याचा परिणाम बराच कमी होतो, कारण निरनिराळ्या ग्राहकांमधला गोंगाट परस्परांशी जुळत नाही. म्हणून गोंगाटापुरते पाहिले तर खळबळीच्या ऊर्जेपेक्षा हे प्रतिबल सहसा अधिक भरवशाचे असते.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र उपकरणाचा नसून तळाचा आहे. ‘तळापासून ३० सेंटिमीटर’ असे लिहिताना तळ म्हणजे एक सपाट पातळी गृहीत धरली जाते. पण प्रवाळाच्या शेंड्यापासून मोजायचे की दोन प्रवाळांमधल्या खळगीपासून? उंचीच्या लघुगणकानुसार वेग वाढतो हा परिचित नियम लावायचा, तर त्या नियमाचे शून्य शेंडा आणि खळगी यांच्यामध्ये कुठेतरी बसवावे लागते, आणि ते थोडे सरकवले तरी त्यातून निघणारे तळाचे घर्षण बदलते. शिवाय खडबडीच्या उंचीच्या साधारण दुप्पट ते पाचपट अंतरापर्यंत प्रवाह जागोजागी वेगळा असल्याने एका बिंदूवरचा आकडा फक्त त्या बिंदूचा असतो. एकाच प्रवाळाच्या पुढे आणि मागे बसवलेली दोन निर्दोष उपकरणे एकाच क्षणी भिन्न उत्तरे देतात. म्हणून वेळेच्या सरासरीबरोबर जागेचीही सरासरी घ्यावी लागते, आणि ती घ्यायची तर उपकरणे अनेक ठिकाणी ठेवावी किंवा फिरवावी लागतात. अकाबाच्या आखातात केलेल्या मोजणीतून प्रवाळभित्तीवरील रोधाचा गुणांक जवळच्या वाळूच्या तळाच्या तिप्पट ते पाचपट आढळला, पण हा गुणांकही कोणत्या उंचीवरचा वेग धरला यावर अवलंबून असल्याने, ती उंची आणि ती जिथून मोजली ती पातळी सांगितल्याशिवाय दोन प्रवाळभित्तींच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.