नकोशा टपालाची चाळणी

३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्यानें अर्पानेट नांवाच्या जाळ्यावरून सुमारें ४०० माणसांना एकाच मजकुराची जाहिरात धाडली. ती कोणी मागितलेली नव्हती, आणि पुष्कळांना ती रुचलीहि नाहीं. आज सारें जग ज्याला ‘स्पॅम’ म्हणतें, त्याचा हा आद्य नमुना मानतात.

पुढें या उपद्रवाच्या बंदोबस्तासाठीं नाना प्रकारच्या चाळण्या निघाल्या. त्यांपैकीं जस्टिन मेसन यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेली ‘स्पॅमअसॅसिन’ ही आज्ञावली कोणासहि विनामूल्य वापरतां येते. तिची रीत परीक्षेंतील गुणांसारखी आहे. फरक इतकाच कीं, येथें जास्त गुण मिळविणारा नापास होतो. पत्र आलें कीं त्याला शेंकडों नियम लावून पाहतात. विषयाच्या ओळींत भडक शब्द असले तर कांहीं गुण, पाठविणारें यंत्र बदनाम यंत्रांच्या यादींत असलें तर आणखी कांहीं. सभ्यपणाची खूण दिसली तर गुण वजा. बेरीज ५ वर गेली कीं पत्रावर स्पॅमचा शिक्का बसतो. ही ५ ची मर्यादा मूळ आज्ञावलींतील असून ती बदलतां येते.

ती कां बदलावी लागते? एकाच सर्व्हरवर पुष्कळदां अनेक डोमेनांचें टपाल उतरतें. समजा, त्यांत एक डोमेन औषधविक्रेत्याचें आहे आणि दुसरें शाळेचें. औषधांचीं नांवें आणि दर हा औषधविक्रेत्याचा रोजचा पत्रव्यवहार. तींच नांवें शाळेच्या टपालांत आलीं तर तो बहुधा केरच. दोघांना एकच माप लावलें तर एकाचें पत्र बुडतें, नाहीं तर दुसऱ्याच्या घरांत केर सांचतो. आणि या दोन्ही नुकसानींचें मोल सारखें नाहीं. केर झाडून टाकतां येतो. परंतु मुलाखतीचें बोलावणें किंवा इस्पितळानें नेमलेली तारीख स्पॅमच्या कप्प्यांत पडून राहिली, तर वाट पाहणाऱ्या माणसाला पत्र आलें होतें हेंहि कळत नाहीं. भाषेचीहि तीच गोष्ट. या चाळणीला भाषा ओळखणारी एक जोडणी लावतां येते. तिला केवळ इंग्रजी मान्य असें बजावून ठेवलें, तर शुद्ध मराठींत लिहिलेलें पालकाचें पत्र गुन्हेगार ठरूं लागतें! शाळेच्या डोमेनपुरती मराठी मान्य केली कीं काम भागतें.

असे निरनिराळे नियम ठेवण्याची सोय मोठी मार्मिक आहे. व्यवस्थापक ते डेटाबेसच्या एका कोष्टकांत लिहितो. प्रत्येक ओळींत नियम कोणासाठीं, कशाविषयीं आणि काय, एवढेंच असतें. सर्वांसाठीं असलेल्या नियमाच्या नांवाआधीं डॉलरचें चिन्ह, डोमेनच्या नांवाआधीं शेंकड्याचें चिन्ह, आणि व्यक्तीच्या पत्त्याआधीं कांहींच नाहीं. संगणकाच्या वर्णक्रमांत डॉलर आधीं येतो, लगेच शेंकडा, आणि अक्षरें त्यांच्या बरींच मागून. त्या क्रमानें ओळी वाचावयास सांगितल्या कीं सामान्य नियम प्रथम, डोमेनचा नंतर आणि व्यक्तीचा शेवटीं वाचला जातो. मागून आलेला आधींच्याला बाजूस सारतो. सर्वांची मर्यादा ५, औषधविक्रेत्याच्या डोमेनची ८, आणि त्याच्याच एखाद्या कारकुनाची ६, हें सारें तीन ओळींत बसतें. मात्र पत्र कोणाचें आहे हें सर्व्हरनें चाळणीला सांगितलें पाहिजे. तें न सांगितल्यास कोष्टक कितीहि नीट भरलें तरी सर्वांना सामान्य नियमच लागतो. नवख्यांची फसगत बहुधा येथेंच होते.

एकच पत्र दोन डोमेनांतील दोघांना आलें तर पेंच पडतो. ई-मेलच्या देवघेवीचे नियम १९८२ सालचे. त्यांप्रमाणें मजकूर एकदांच येतो आणि त्याला दाराशीं एकच उत्तर द्यावें लागतें, घेतलें किंवा नाकारलें. मग कांहीं सर्व्हर दुसऱ्या डोमेनच्या माणसापुरतें ‘थोड्या वेळानें पुन्हा या’ असें सांगतात. कांहीं पत्र पदरांत घेऊन त्याच्या प्रती करतात व प्रत्येक प्रत वेगळी चाळतात. पण एकदां घेतलेलें पत्र मागाहून परत धाडणें हा अविचार होय. स्पॅमवरील पाठविणाऱ्याचा पत्ता सहसा खोटा असतो आणि परतीचा मार कोणा निरपराध्याला बसतो. तें स्पॅमच्या कप्प्यांतच ठेवावें.

विश्वासू मंडळींची यादीहि डोमेनवार करतां येते. यादींतील नांवाला १०० गुण वजा मिळतात, म्हणजे जवळ जवळ अभयदानच. म्हणून कित्येक व्यवस्थापक मोठ्या हौसेनें आपलेंच डोमेन तींत घालतात, आणि भामटे नेमकें तेंच नांव धारण करून येतात. पाठविणाऱ्याची ओळख एस. पी. एफ. किंवा डीकिम या पद्धतीनें पटली तरच सवलत देणारा वेगळा नियम आहे, तोच वापरावा.

सर्व मांडणी झाल्यावर परीक्षा घेण्यासाठीं ६८ अक्षरांची एक ठराविक ओळ आहे. तिला ‘जीट्यूब’ म्हणतात. ती ज्या पत्रांत असेल त्याला १००० गुण मिळतात. ही ओळ औषधविक्रेत्याच्या डोमेनमधील एखाद्या पत्त्यावर धाडावी आणि आलेल्या पत्राच्या मथळ्यांतील नोंद उघडून पाहावी. तेथें मिळालेले गुण व लावलेली मर्यादा दोन्ही लिहिलेलीं असतात. मर्यादा ८ च्या ऐवजीं ५ दिसली, तर पत्र कोणाचें आहे हें चाळणीपर्यंत पोंचलेलें नाहीं, असें समजावें.