घोडीचे रक्त काय सांगते?



आपल्या पत्रिकेत नेहमी मुलांची शाळा, कुपोषण, जातीचे दाखले असे विषय येतात. या वेळी मी घोडीच्या आजाराबद्दल लिहीत आहे. सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण आणि सांगलीकडील आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतील मेंढपाळ कुटुंबे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात. कोणी कोकणात उतरतात, कोणी कृष्णाकाठी. पावसाच्या तोंडावर सगळे माघारी येतात. तोवर त्यांचे घर घोडीच्या पाठीवर असते. भांडी, वाघर, कोंबड्या, कोकरे आणि कधी चालून दमलेले लेकरूही तिच्यावरच. घोडी बसली की बिऱ्हाड अडते. वाडा पुढे निघून जातो आणि ते कुटुंब एकटे मागे राहते.

अशा वेळी घरच्यांपुढे एकच प्रश्न असतो: आजार किती खोल आहे? दोन दिवस थांबून भागेल, की कर्ज काढून मोठ्या दवाखान्यात न्यावे? नुसत्या डोळ्यांना याचे उत्तर नेहमी मिळत नाही. पोटशूळ उठलेली घोडी पाय आपटते, लोळते, वळून कुशीकडे पाहते. मग एकाएकी शांत होते आणि घरचे म्हणतात, उतार पडला. कधी खरोखरच उतार असतो. पण कधी आतडे फुटल्यामुळे कळ थांबलेली असते, आणि ते शेवटाचे लक्षण असते. अशा वेळी रक्ताची तपासणी उपयोगी पडते.

पोटशूळ आणि रक्ताचे आकडे

पहिला आकडा पीसीव्हीचा. रक्त नळीत घालून यंत्रात फिरवले की तांबड्या पेशी खाली बसतात. एकूण रक्तात त्यांचा भाग किती, ते त्यावरून कळते. निरोगी घोड्यात तो साधारण ३२ ते ४५ टक्के असतो. काटक तट्टांत थोडा कमीही चालतो. पोटशुळात अंगातले पाणी आटते, रक्त घट्ट होते आणि आकडा चढतो. मात्र घोडा घाबरला, तरी त्याची प्लीहा साठवलेल्या पेशी रक्तात सोडते आणि आकडा उगाच वाढतो. म्हणून रक्त काढताना घोडी तिच्या रोजच्या माणसाने धरावी, भोवती गलका नसावा.

दुसरा आकडा रक्तातील प्रथिनांचा, साधारण ६ ते ७.५ ग्रॅम. हा पहिल्याच्या जोडीने वाचायचा असतो. दोन्ही वाढले तर पाणी कमी पडले आहे, सलाईनने सुधारणा होऊ शकते. पण पेशींचा आकडा चढत असताना प्रथिने उतरू लागली, तर आतड्याला इजा होऊन ती पाझरत असण्याची शक्यता असते. हे लक्षण वाईट.

तिसरा आकडा लॅक्टेटचा. अवयवांना पुरेसे रक्त आणि प्राणवायू मिळेनासा झाला की हे आम्ल रक्तात साठते. निरोगी घोड्यात ते २ च्या आत असते. साखर तपासण्याच्या यंत्रासारख्या लहान यंत्रावर थेंबभर रक्तात ते जागेवरच कळते. आकडा बराच वर असेल तर धोका मोठा. मात्र एका आकड्यावर आशा सोडायची नसते. सलाईन दिल्यावर काही तासांनी पुन्हा पाहतात. उतरत असेल तर शरीर साथ देत आहे.

चौथा आकडा पांढऱ्या पेशींचा, साधारण ५ ते ११ हजार. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी वाढतात, हे आपण ऐकलेले असते. पण आतड्याच्या तीव्र संसर्गात जंतूंचे विष रक्तात उतरते, तेव्हा घोड्याच्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. म्हणून कमी आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

सर्रा

पोटशुळाचा निकाल तासांत लागतो, सर्रा मात्र महिनोन्‌महिने खंगवतो. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे हा रोग पसरतो. त्याचा सूक्ष्म जीव १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने त्या वेळच्या पंजाबात घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात प्रथम पाहिला. ताप येतो नि जातो, पोटाखाली व पायांवर सूज येते, घोडी खाते पण वाळत जाते. ताप चढलेला असताना काचपट्टीवरच्या थेंबात हे जीव सापडतात. ताप उतरल्यावर बहुधा दिसत नाहीत. म्हणून तापातच रक्त द्यावे, आणि एकदा काही सापडले नाही म्हणून रोग नाही असे धरू नये. आजार किती वाढला, ते इथेही पीसीव्हीच सांगते, पण उलट दिशेने. इथे रक्त पातळ होत जाते. आकडा २० च्या खाली गेला तर ओझे लादणे ताबडतोब बंद.

ग्लँडर्स

एक तपासणी मात्र आजार किती खोल ते सांगत नाही, तर थेट निवाडा देते. २००६ साली पुणे व पाचगणी भागातील घोड्यांत ग्लँडर्स रोग आढळला होता. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे. तो माणसालाही होतो व जिवावर बेततो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्त तपासून त्याचे निदान होते. २००९ च्या कायद्यानुसार रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. बाधित जनावराला वेदना न देता मारावे लागते आणि शासन भरपाई देते. या भीतीने काही जण आजार लपवतात. पण त्याच घोडीवर आपले लेकरू बसते, हे त्यांना समजावणे आपले काम आहे.

वाड्यावर काय सांगावे

एका आजीने मला विचारले, “ताई, आधीच घोडी खंगलीया, त्यात रगात काढल्यावर काय उरंल तिच्यात?” प्रश्न रास्त आहे. अडीचशे किलोच्या घोडीच्या अंगात अठरा-वीस लिटर रक्त असते. तपासणीला लागते दोन-चार चमचे. एवढ्याने ती हटत नाही.

रक्त पशुवैद्यकानेच मानेच्या शिरेतून काढावे. पीसीव्ही व पेशींसाठी जांभळ्या बुचाची नळी वापरतात, तिच्यातले रक्त गोठत नाही. ती थंड ठेवावी, पण थेट बर्फात पुरू नये, आणि त्याच दिवशी पोहोचवावी. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. मोठ्या तपासणीसाठी शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तोवर नाडी मोजा. उभ्या, शांत घोडीची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर सकाळची वाट पाहू नका.

रक्ताचे आकडे घोडीला बरे करत नाहीत. पण हातातले थोडे पैसे औषधावर घालावेत, गाडीभाड्यावर घालावेत, की तिला वेदनेतून सोडवावे, हे घरच्यांना वेळेत ठरवता येते. गरिबाला वेळेत मिळालेली खरी माहिती ही मोठी मदत असते.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. त्याची दया त्या मुक्या जनावराच्या पायांनी तिथवर पोहोचली. वाटेवर असलेल्या वाड्यांची आणि त्यांच्या घोड्यांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.