ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक हवा

ऊंस-वाहतुकीचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्याकडील रस्त्यांवरून ट्रॅक्टरामागें एक, व पुष्कळदां दोन, भरलेल्या ट्रॉल्या जोडून नेण्यांत येतात. ट्रॅक्टर किती घोड्यांच्या शक्तीचा, तो किती टन ओढील, याची चौकशी खरेदीचे वेळीं प्रत्येक जण करतो. परंतु ओढलेलें ओझें थांबवावयाचें कोणीं, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. गांवच्या वर्कशॉपांत जोडून घेतलेल्या पुष्कळ ट्रॉल्यांस ब्रेक मुळींच नसतो, व सारी भिस्त ट्रॅक्टरच्या ब्रेकवर राहते. ही भिस्त किती अपुरी आहे हें आंकड्यांनीं दाखवून, ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक कसा असावा याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न नवा नाहीं. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें; म्हणून घाट उतरतांना चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबून धरण्याची सोय ते करीत. सारें ओझें बैलांनींच मानेवर तोलून धरावें, अशी अपेक्षा त्यांनीं केली नाहीं. ट्रॅक्टर आल्यावर मात्र आपण तीच अपेक्षा यंत्राकडून करूं लागलों.

आतां हिशेब पाहूं. ट्रॅक्टरचें वजन २ टन धरावें. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांस ब्रेक केवळ मागील दोन चाकांस असतात. त्या चाकांवरील भार व डांबरी रस्त्याची पकड लक्षांत घेतां त्यांचा थोपविण्याचा जोर सुमारें ८०० किलो धरणें रास्त होईल. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारा एकटा ट्रॅक्टर एवढ्या जोरानें सुमारें ९ मीटरांत थांबतो. मागें ८ टनांची भरलेली ट्रॉली जोडली, म्हणजे तेच ८०० किलो १० टनांस पुरवावे लागतात, व थांबण्यास सुमारें ४४ मीटर लागतात. रस्ता दर २० मीटरांस १ मीटर उतरणारा असेल, तर उताराचीच ओढ ५०० किलो होते. शिल्लक ३०० किलो राहून अंतर सुमारें ११८ मीटरांवर जातें. दर १२ मीटरांस १ मीटर उतार असेल, तर ओढ ८३३ किलो, म्हणजे जमेपेक्षां खर्च अधिक. तेथें ट्रॅक्टर थांबणारच नाहीं. धोका दिसून पाय पेडलवर पडेपर्यंत तुटणारें अंतर यांत धरलेलें नाहीं. तें एका सेकंदास ८ मीटरांहून अधिक असतें. दोन ट्रॉल्यांचा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा.

अंतर वाढतें एवढाच दोष नव्हे. ट्रॅक्टर थांबूं पाहतो व ट्रॉली त्यास मागून ढकलते. वळणावर हा धक्का तिरपा बसून ट्रॅक्टर आडवा फिरतो व उलटण्याचा संभव असतो. दोनचाकी ट्रॉली उलार भरली असेल, तर ती ट्रॅक्टरची मागील बाजू वर उचलते. आणि ज्या चाकांवर ब्रेक, त्यांचीच पकड जाते.

यावरील उपाय आगगाडीनें पूर्वींच दाखविला आहे. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनीं १८६९ सालीं हवेच्या दाबाच्या ब्रेकचें पेटंट घेतलें, व १८७२ सालीं त्यांत अशी सुधारणा केली कीं, नळी तुटून दाब गेला तर डब्यांचे ब्रेक आपोआप लागावे. त्याच देशांत राहण्याच्या मोठ्या मोटारीमागें लहान मोटार जोडून प्रवास करणारे लोक मागील मोटारींत एक यंत्र बसवितात. पुढील मोटार मंदावतांच तें मागील मोटारीचें ब्रेक-पेडल दाबतें. तत्त्व एकच: जें ओझें मागें आहे, त्यानें स्वतःस थांबविलें पाहिजे.

ट्रॉलीच्या ब्रेकचे मुख्य प्रकार तीन. पहिला धक्क्याचा: ट्रॅक्टर मंदावला कीं ट्रॉली पुढें सरकते, व जोडदांडा मागें दबून चाकांचे ब्रेक लावतो. हा साधा आहे. पण मागें घेतांना ब्रेक लागूं नये म्हणून अडकण ठेवावी लागते, व जड ओझ्यास तो पुरत नाहीं. दुसरा तेलाचा: पेडल दाबतांच ट्रॅक्टरचें दाबाचें तेल ट्रॉलीच्या ब्रेकांस पोंचतें. तो जोरकस आहे. परंतु एकच नळी असून ती फुटली, तर ब्रेक जातो. तिसरा हवेचा: ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, ट्रॉलीवर हवेची टाकी, व दोहोंमध्यें दोन नळ्या, पुरवठ्याची नळी तुटल्यास ब्रेक आपोआप लागतो. खर्च अधिक असला तरी जड ट्रॉलीस हाच उत्तम असें आमचें मत आहे.

बसवितांना पुढील गोष्टी पाहाव्या. ब्रेक आंसाच्या दोन्ही चाकांस समान लागावा, नाहीं तर ट्रॉली एका बाजूस ओढते. दोन ट्रॉल्या असतील तर दोहींस ब्रेक हवा. केवळ पुढलीस असल्यास मागली तिला ढकलील. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकाबरोबर किंवा किंचित् आधीं लागावा. जोडाची पिन अडकणीची असावी, व ती निसटल्यास ट्रॉली धरून ठेवणारी साखळी असावी. प्रथम रिकामी ट्रॉली सपाट जागीं ताशीं १० किलोमीटर वेगानें चालवून परीक्षा करावी, मग भरून. हवेच्या टाकींतील पाणी रोज सोडावें, व नळ्यांचे जोड रोज पाहावे.

ब्रेक बसविला तरी चालकाची शिस्त सुटूं नये. रस्त्यावर ट्रॅक्टरचीं डावें-उजवें हीं दोन्ही ब्रेक-पेडलें एकमेकांस अडकवून ठेवावीं. उतार लागण्यापूर्वींच खालचा गियर घ्यावा. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें उतरणें म्हणजे जीव गहाण टाकणें होय. तसेंच, ब्रेक आहे म्हणून ओझें वाढवूं नये. मोटार वाहन अधिनियमांत २०१९ च्या दुरुस्तीनें जादा भारास २०,००० रुपये, व शिवाय जादा टनागणिक २,००० रुपये दंड ठरविला आहे.

कोणी म्हणतील कीं, हा खर्च हंगामाच्या भाड्यांत निघावयाचा नाहीं. परंतु ट्रॉलीपुढें चालकाच्या आसनावर आपलाच मुलगा किंवा गडी बसलेला असतो, व उताराच्या पायथ्याशीं बहुधा कोणा गांवचा बाजार किंवा शाळा असते. ट्रॅक्टर व ट्रॉली यांचे मालक आपण, तेव्हां ही जबाबदारी चालकावर लोटतां येत नाहीं. सबब, धुराडें पेटण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली ट्रॉली जाणत्या मिस्त्रीस दाखवून तिला योग्य ब्रेक बसवून घ्यावा, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंती आहे.