आधी वास, मग हात

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यात प्लंबरांचे फोन वाजायला लागतात. तक्रार ठरलेली असते, बाथरूममधलं पाणी लवकर जात नाही. अभ्यंगस्नानाला अंगभर तेल, त्यावर उटणं, पाहुण्यांची आंघोळीला रांग. उटण्यातली मुलतानी माती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. थंडीही तेव्हाच सुरू होते आणि खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. बाटलीत गोठतं तसंच ते पाइपातही गोठतं.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत अशी कामं करणाऱ्या प्लंबरना सगळे मामा म्हणतात. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. सामान मोजकंच: रबरी पंप, लोखंडी स्प्रिंग, टोकाला आकडा केलेली तार, पाना आणि रबरी हातमोजे. जाळी उचलल्यावर ते लगेच हात घालत नाहीत. थोडं लांबूनच वास घेतात. त्यांचं सगळं कसब त्या दोन क्षणांत दिसतं. सडलेल्या केसांचा वास वेगळा, गटाराचा वेगळा, ॲसिडचा तर नाकात झोंबणारा.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये त्यांनी असाच वास घेतला आणि मान वर करून विचारलं, "काकू, यात काय ओतलंय?"

"काल रात्री मुलानं पावडर टाकली होती. अख्खी पुडी."

मामांनी हातमोजे चढवले.

तुंबलेला पाइप मोकळा करणारी ही पावडर किंवा द्रव बहुतेक वेळा कॉस्टिक सोड्याचा असतो. काहींत ॲल्युमिनियमचे कणही असतात. पाणी लागलं की मिश्रण चांगलंच तापतं. कॉस्टिक केस विरघळवतं, हे खरं. पण पाणी आधीच तुंबलेलं असेल तर ते गुठळीपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि पाणी कमी पडलं तर पावडर दगडासारखी घट्ट बसते. मग घरचे दुसरा उपाय म्हणून त्यावर ॲसिड ओततात. दोन्ही एकत्र आले की उकळी फुटून थेंब तोंडावर उडू शकतात. ॲसिडशी ब्लीचची गाठ पडली तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. मामांच्या मनगटावर पांढरट डाग आहेत. "न सांगता ओतलेलं असतं," एवढंच ते म्हणतात.

साचलेलं पाणी त्यांनी मगानं बादलीत उपसलं, कमोडमध्ये ओतलं, भरपूर पाणी सोडलं. मग तारेचा आकडा आत गेला, हळूच फिरला आणि वर आला तो केसांचा लांबलचक झुपका घेऊन. केस तसे थोडेच होते. त्यांना धरून बसलेला राखाडी चिकटा जास्त होता, त्यात उटण्याची माती आणि शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. हा चिकटा साबणाचाच. सोसायटीला बोअरचं जड पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा थर तयार करतं. केस जाळं विणतात, साबण ते लिंपतो.

काकू म्हणाल्या, "त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, रोज शंभरेक केस जाणारच. काळजीचं कारण नाही."

"डोक्याला नसेल," मामा म्हणाले, "पाइपाला आहे."

डॉक्टर 50 ते 100 केसांची गळती सर्वसाधारण मानतात. घरात चार माणसं असली तर हा आकडा रोज 400 पर्यंत जातो. त्यातले निम्मे जरी आंघोळीत गेले, तरी महिनाभरात किती होतील याचा हिशेब घरातल्यांनीच करावा. रोजचे शंभर, मामा पुन्हा पुटपुटले आणि नहाणी ट्रॅप धुवायला घेतला.

या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं. त्यामुळे गटारातला वायू आणि झुरळं घरात येत नाहीत. वाकड्या पाइपात पाणी अडवून दुर्गंधी रोखणाऱ्या संडासाचं पेटंट अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीनं 1775 मध्ये घेतलं. आजचे ट्रॅप त्याच तत्त्वावर चालतात. ते पाणी आटलं तर काय होतं, हे 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत दिसलं. तिथे सार्सची लागण 300 हून अधिक रहिवाशांना झाली, आणि बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप हे त्या फैलावामागचं एक कारण मानलं गेलं. म्हणून पाणी लवकर जावं यासाठी ट्रॅपची वाटी काढून फेकणं हा शुद्ध अविचार आहे. गावाहून परतल्यावर बाथरूममध्ये वास आला, तर आधी ट्रॅपमध्ये मगभर पाणी ओतावं.

बाणेर-औंधच्या नव्या फ्लॅटांत आता टब दिसतात. तिथे केस बहुधा बुचाच्या दांड्यालाच गुंडाळलेले असतात. बूच काढून ते ओढले की बऱ्याचदा काम होतं. पंप मारायचा असेल तर टबाच्या वरच्या अंगाचं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरावं लागतं, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. शिवाय पंपाचं रबर पाण्यात बुडलेलं हवं. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस बघायला बरा वाटतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. त्यानं केस विरघळत नाहीत.

खरा उपाय साधा आहे आणि तो रोजचा आहे. आंघोळीआधी केस विंचरावेत, बारीक भोकांची जाळी बसवावी, आंघोळ झाली की जाळीवरचे केस कागदात उचलून कचऱ्यात टाकावेत. ट्रॅपची वाटी आठवड्यातून एकदा काढून धुवावी. गरम पाणी सोडायला हरकत नाही, पण उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप त्यानं मऊ पडतो. दिवाळीत उटण्याचा जाड थर आधी कोरडाच पुसून काढावा.

एवढं करूनही पाणी तुंबलं आणि प्लंबरला बोलवायची वेळ आली, तर पावडर, ॲसिड, ब्लीच यांपैकी जे काही ओतलं असेल ते त्याला फोनवरच सांगा. डबा टाकून दिला नसेल तर दाखवा. हात त्याचा आत जाणार आहे.