माहुलचे इंधन आणि मोटारीची कबुली

चेंबूरपलीकडील माहुल हे एके काळचे कोळ्यांचे आणि मिठागरांचे गाव. स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना या परिसरात १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर तेच अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी चालू आहेत. मोटारीच्या धुराची चर्चा बहुधा तिच्या मागच्या नळीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः ती माहुलपासून सुरू व्हावयास हवी.

कारण असे की, धूर शुद्ध करणारे उपकरण, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंधनातील गंधकापुढे हतबल असते. आतील सच्छिद्र चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर बव्हंशी निरुपद्रवी वायूंत होते. शिसे हा लेप कायमचा निकामी करते, गंधक त्याला मंद करते. म्हणूनच १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले तेव्हा त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू होताना इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर उतरवावे लागले. हे गंधक आपोआप नाहीसे होत नाही. उच्च दाबाखाली हायड्रोजनच्या साहाय्याने ते शुद्धीकरण कारखान्यात वेगळे काढावे लागते. असा हायड्रोजन हाताळणे किती जोखमीचे असते, हे ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकर विभागात झालेल्या स्फोटाने माहुलकरांना दाखवून दिले.

आता मोटारीकडे वळू. लहान पण टर्बोचार्जर जोडलेले इंजिन आपल्याकडे रुजले त्यात करआकारणीचा वाटा फार मोठा आहे. २००६ च्या अंदाजपत्रकाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना अबकारी करात सवलत दिली. तीच सीमारेषा वस्तू व सेवा करातही टिकली, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्या रेषेच्या अलीकडे १८ टक्के तर पलीकडे ४० टक्के कर आहे. मग लहान इंजिनातूनच अधिक शक्ती काढण्याची खटपट होणार, हे ओघानेच आले. टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूंच्याच जोरावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. त्याच्या पुढच्या वाटेवर कन्व्हर्टर बसलेला असतो. वायूंना थोडा अडथळा होतो. शौकीन तरुणाला नेमका हाच अडथळा खुपतो. तो गॅरेजात कन्व्हर्टर काढून सरळ नळी बसवून घेतो.

मोटार मात्र हे लपवून ठेवीत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक व नंतर एक असे प्राणवायूचे दोन संवेदक असतात. दोघांची नोंद सारखीच वरखाली होऊ लागली की मधले उपकरण काम करीत नाही, हे इंजिनाचा संगणक ओळखतो, 'पी ०४२०' ही खूण नोंदवितो आणि चालकासमोर पिवळा दिवा लावतो. तेव्हा गॅरेजवाला दुसरा उपाय करतो. संगणकातील आज्ञावलीच बदलून ती तक्रार मुकी करतो. दिव्याची बोलती बंद, धूर तसाच!

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली धुराड्याचे उदाहरण देऊन सांगितले की, काही व्यवहारांचा लाभ एकाला होतो व भुर्दंड त्या व्यवहारात नसलेल्याला पडतो. येथे हा भुर्दंड दुहेरी आहे. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत माहुल-आंबापाड्यातील ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास लागत असल्याचे सांगितले होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली रहिवाशांच्या आरोग्याला असलेला धोका मान्य केला आणि २०२० साली दोन्ही तेल कंपन्या व रसायनांची साठवण करणाऱ्या दोन कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई आकारली. म्हणजे इंधन स्वच्छ करण्याच्या उद्योगाची झळ माहुलने सोसायची, त्याची किंमत प्रत्येक ग्राहकाने पंपावर मोजायची, आणि त्या स्वच्छ इंधनाचा ज्याच्यासाठी अट्टाहास केला ते उपकरणच कोणी हौसेखातर भंगारात काढायचे. याला निव्वळ खाजगी शौक कसे म्हणावे?

अर्थात लबाडीचा मक्ता गॅरेजांकडेच आहे असे नव्हे. फोक्सवॅगनच्या 'ईए १८९' या टर्बो डिझेल इंजिनातील आज्ञावली चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती सभ्य वागत होती, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने रस्त्यावर तपासणी केल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतातही ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. हरित लवादाने २०१९ मध्ये केलेल्या ५०० कोटींच्या दंडाच्या वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जनाची मर्यादाच त्या काळी आपल्याकडे नव्हती. ती एप्रिल २०२३ पासून आली, तीही नव्या मोटारींपुरती.

वापरातल्या मोटारीसाठी उरते ती पीयूसी. प्रमाणपत्र नसल्यास दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण चाचणी होते उभ्या गाडीवर. पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, डिझेलला धुराची दाटी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी नाहीच. मोटारीने स्वतःच नोंदवून ठेवलेली कबुली वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. ती वाचण्याचे साधन आज साध्या गॅरेजातही असते. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या बहुतेक पेट्रोल मोटारींची तपासणी २०१५ पासून प्रामुख्याने याच मार्गाने होते. चाचणीच्या आदल्या दिवशी खूण पुसून टाकली तरी स्वतपासणी अपुरी असल्याचे संगणक सांगतो, आणि जुलै २०२१ पासून तेथे आज्ञावली मूळची आहे की बदललेली, हेही तपासले जाते. परिवहन खात्याने हा पाठ गिरवायचे ठरविले तर नवे यंत्र शोधावे लागणार नाही. भारतात २०१३ पासूनच्या मोटारींत त्यासाठीची जोडणी सुकाणूच्या खालीच बसविलेली आहे.