पदवीनंतर परिचर्येचे शिक्षण : मार्ग, नियम आणि सावधगिरी

सोलापूर-बार्शी मार्गावरील वैराग ही बार्शी तालुक्यातील आसपासच्या अनेक खेड्यांची बाजारपेठ आहे. या परिसरात मुलीने पदवीधर होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परंतु पदवी हाती आल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न मात्र अनेक घरांत अनुत्तरित राहतो. २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत परिचारिकेच्या कामाचे मोल गावोगावच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यामुळे कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी घेतलेल्या तरुणींच्या आणि तरुणांच्याही मनात या व्यवसायाचा विचार येतो. त्याबरोबरच एक स्वाभाविक प्रश्न उभा राहतो : विद्यापीठाची तीन वर्षे पूर्वीच झाली आहेत, मग नर्सिंगची पदवी कमी काळात पूर्ण करता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर नीट न मिळाल्यास उमेदवाराची वर्षे आणि कुटुंबाचा पैसा, दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून गावातील शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना यासंबंधीची वस्तुस्थिती ठाऊक असणे अगत्याचे आहे.

परदेशांतील पद्धती

अल्पावधीच्या परिचर्या पदवीची कल्पना मुख्यतः अमेरिकेत रुजली. तेथील सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ साली अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे अनेक विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले. सर्वसाधारणपणे ११ ते १८ महिन्यांत तो पूर्ण होतो. मात्र शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र यांसारखे विषय विद्यार्थ्याने आधीच उत्तीर्ण केलेले असावे लागतात. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तेथे नोंदणीसाठीच्या शिक्षणाचे ४,६०० तास ठरलेले असून त्यांतील निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातात. पूर्वीचे शिक्षण व अनुभव पडताळून पदवी अभ्यासक्रमाच्या जास्तीत जास्त निम्म्या भागाची सूट देता येते.

या पद्धतींतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. सूट मिळते ती नुसत्या पदवीच्या कागदाला नव्हे, तर परिचर्येला उपयोगी पडणाऱ्या पूर्वज्ञानाला. अमेरिकेतील अल्पावधीच्या अभ्यासक्रमातही रुग्णशय्येजवळच्या कामाचे तास कमी केले जात नाहीत. ते थोड्या महिन्यांत दाटीने बसविले जातात. इतिहासाच्या पदवीधराला इतिहास पुन्हा शिकावा लागत नाही हे खरे; परंतु शिरेतून औषध देणे, प्रसूत मातेकडे लक्ष ठेवणे किंवा अत्यवस्थ रुग्णातील सूक्ष्म बदल ओळखणे हे त्याला आरंभापासूनच शिकावे लागते. विवाहानंतर परदेशी गेलेल्या मराठी पदवीधर तरुणींना हा मार्ग खुला असू शकतो. तथापि परदेशी पात्रतेवर भारतात काम करावयाचे झाल्यास येथील मान्यता व नोंदणी स्वतंत्रपणे मिळवावी लागते.

आपल्याकडील स्थिती

भारतात अन्य विद्याशाखेच्या पदवीधरांसाठी असा अल्पावधीचा अभ्यासक्रम नाही. बी.ए. किंवा बी.कॉम. झाल्यामुळे परिचर्या शिक्षणाचा काळ कमी होत नाही. प्रवेश ठरतो तो बारावीच्या विषयांवर, गुणांवर आणि वयावर. ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते. म्हणून उपलब्ध मार्ग क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

पहिला मार्ग चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा. यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन सर्वसाधारण उमेदवारास किमान ४५ टक्के गुण असावे लागतात. राज्यात यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या विनियमांनुसार प्रवेशाचे किमान वय १७ व कमाल वय ३५ वर्षे आहे. बारावीला जीवशास्त्र घेऊन पुढे विज्ञानाची पदवी मिळविलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणीस हा मार्ग मोकळा असतो. मात्र तिला प्रथम वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. बारावीला विज्ञान नसलेल्या उमेदवारास राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण होता येते व ती पात्रता ग्राह्य धरली जाते.

दुसरा मार्ग सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या, म्हणजे जी.एन.एम., या तीन वर्षांच्या पदविकेचा. बारावीची कोणतीही शाखा, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण ही त्याची साधारण अट आहे. विवाहित उमेदवारही यास पात्र असतात. पदविकेनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम करून पदवी मिळविता येते. कला शाखेच्या पदवीधरासाठी हाच सर्वांत सरळ रस्ता होय. याला एकूण पाच वर्षे लागतात. परंतु तीन वर्षांच्या अखेरीस उमेदवार नोंदणीकृत परिचारिका झालेली असते. तिला आधी नोकरी धरून पदवीचा विचार नंतर करता येतो. आर्थिक ओढाताण असलेल्या घरांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

तिसरा मार्ग ए.एन.एम. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा. तो केवळ स्त्रियांसाठी आहे. उपकेंद्रातील माता-बालसंगोपन व लसीकरणाच्या कामाशी त्याचा निकटचा संबंध येतो.

पूर्वीची पदवी व्यर्थ जाते असे मात्र समजण्याचे कारण नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र व इंग्रजी हे परिचर्येच्या अभ्यासक्रमातीलच विषय आहेत. पदवीधर विद्यार्थिनीस त्यांचा अभ्यास सुलभ जातो आणि वयाने आलेली समज रुग्णाशी बोलताना उपयोगी पडते.

शुल्क व शिष्यवृत्ती

दुसऱ्यांदा शिक्षण घेणाऱ्यांनी एका नियमाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. एका स्तरावरील शिक्षण पूर्ण करून त्याच स्तरावर दुसऱ्या विषयाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी, उदाहरणार्थ बी.ए. नंतर बी.कॉम. करणारा, भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र ठरत नाही, असे त्या योजनेचे तत्त्व आहे. पहिल्या पदवीच्या वेळी मिळालेली सवलत दुसऱ्या वेळीही मिळेल, असे गृहीत धरून प्रवेश घेतल्यास पहिल्याच वर्षी कुटुंबावर कर्जाचा भार पडू शकतो. आपल्या बाबतीत कोणती सवलत लागू आहे, याची समाजकल्याण कार्यालयात व संबंधित संस्थेत प्रवेशापूर्वीच खात्री करून घ्यावी.

नोंदणीचे महत्त्व

थोड्या काळात परिचारिका होण्याच्या इच्छेचा गैरफायदा घेणाऱ्यांपासून सावध राहणे अवश्य आहे. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्सिंग’ शिकविण्याचे आश्वासन देणारी प्रमाणपत्रे रुग्णसहायकाच्या कामापुरती उपयोगी पडू शकतील. त्यांच्या आधारे परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये राज्यात परिचारिकांची नोंदवही ठेवली जाते आणि त्या नोंदवहीत नाव असणे हाच या व्यवसायाचा परवाना होय. संस्थेला शासनाची व परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय. पदविकेची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ आणि पदवीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा अन्य मान्यताप्राप्त विद्यापीठ घेते काय. आणि विद्यार्थिनींना पुरेशा खाटांच्या रुग्णालयात प्रत्यक्ष काम मिळते काय, हे प्रश्न शुल्क भरण्यापूर्वीच विचारले पाहिजेत.

जुनी परंपरा

प्रौढ वयात परिचर्येकडे वळणे महाराष्ट्राला नवे नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाची धुरा घेतली आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाचे दार उघडून दिले. परक्याच्या आजारपणात सेवा करणे हे घरंदाज स्त्रीला शोभत नाही, असे मानणाऱ्या समाजात हे पाऊल धाडसाचेच होते. १९६४ मध्ये मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले आणि या सेवेला विद्यापीठीय पदवीची प्रतिष्ठा लाभली.

गावपातळीवरील कर्तव्य

पदवीनंतर जवळची वाट नाही, ही वस्तुस्थिती एकदा मान्य केली की मार्गदर्शनाची खरी वेळ कोणती, हेही स्पष्ट होते. ती वेळ दहावीनंतर शाखा निवडण्याची आहे. परिचर्येची आवड असलेल्या मुलीने अकरावीला जीवशास्त्र सोडले, तर त्या एका निर्णयाची किंमत तिला पुढे वर्षांच्या हिशेबात मोजावी लागते. वैराग व परिसरातील माध्यमिक शाळांनी दहावीच्या पालकसभेत ही माहिती द्यावी. नगरपंचायत व ग्रामपंचायतींनी प्रवेशाच्या अटी, वयोमर्यादा आणि अर्जाच्या तारखा सूचनाफलकावर दरवर्षी लावाव्यात. ज्यांची पदवी आधीच झाली आहे, त्यांना पस्तिशीच्या आत अजून अवसर आहे, हेही सांगितले जावे.

रुग्णाच्या उशाशी घालविलेल्या तासांना पर्याय नाही. ते तास कमी करून घेण्याच्या मागे न लागता ते योग्य संस्थेत आणि योग्य वेळी सुरू व्हावेत, एवढी दक्षता गावाने घेतली, तर वैरागच्या अनेक सुशिक्षित मुलींचे शिक्षण त्यांच्या घराला आधार देईल आणि भोवतालच्या खेड्यांच्या आरोग्यालाही.